धूमचा अली, अर्धसत्यचा हैदर

पावसाळ्यात रामवाडीत रविवारी दुपारी करण्यासारखे फारसे काही नसते. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज, एसटीच्या विभागीय कार्यालयाकडे वळणाऱ्या बसेस आणि अधूनमधून जाणारी वीज. अशाच एका दुपारी घरातल्या मुलांनी टीव्हीवर ‘धूम २’ लावला. सिनेमा जुना, तरी मुलांना नवा. हृतिक रोशन वेष बदलून चोरी करतो, मोटारसायकली उडतात, एसीपी जय दीक्षित त्याच्या मागे धावतो आणि दीक्षितच्या मागे त्याचा जोडीदार अली. मुले अलीच्या प्रत्येक वाक्याला हसत होती. मध्येच माझ्या आठवीतल्या मुलीने विचारले, “अब्बा, हा पण पोलीसच आहे ना? मग याला कुणीच सीरियसली का घेत नाही?”

प्रश्न सिनेमाचा होता, म्हणून मी तेव्हा हसून सोडून दिला. रात्री मात्र सहज तारखा पाहिल्या. ‘धूम २’ प्रदर्शित झाला २४ नोव्हेंबर २००६ रोजी. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १७ नोव्हेंबरला, न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने मुस्लिम समाजाच्या स्थितीवरचा अहवाल पंतप्रधानांना सादर केला होता. सिनेमा थिएटरात लागून आठवडा व्हायच्या आत, ३० नोव्हेंबरला, तो संसदेत मांडला गेला. भारतीय पोलीस सेवेत मुसलमान सुमारे ४ टक्के आणि पोलीस शिपायांमध्ये सुमारे ६ टक्के आहेत, असे त्या अहवालात म्हटले होते. २००१ च्या जनगणनेनुसार देशातली मुस्लिम लोकसंख्या होती १३.४ टक्के.

म्हणजे ज्या आठवड्यात देश पडद्यावरच्या अलीला टाळ्या देत होता, त्याच आठवड्यात खरे अली किती कमी आहेत याचा हिशेब संसदेच्या पटलावर येत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावून पाहावा, असे मला वाटले. हा लेख त्यातून आला.

सिनेमा घरात कसा आला

आधी थोडे घराविषयी. कोकणी मुसलमानांच्या घरांत सिनेमा आला तो बहुतेक आखातातून. १९७० च्या दशकात तेलाच्या पैशाने आखाती देश उभे राहू लागले आणि रायगड-रत्नागिरीच्या मोहल्ल्यांतले तरुण दुबई, कुवेत, सौदीला निघाले. पूर्वी हीच माणसे जहाजावर खलाशी म्हणून जात. दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात ब्लँकेट, अत्तर, टेपरेकॉर्डर असे आणि ऐंशीच्या दशकात त्यात व्हीसीआरची भर पडली. १९८२ च्या एशियाड स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झाले, तेव्हा कोकणातल्या काही घरांत रंगीत टीव्ही आधीच पोहोचलेला होता. फक्त त्यावर दाखवायला काही नव्हते. ती उणीव कॅसेटने भरून काढली.

ज्यांच्या घरी व्हीसीआर नव्हता ते तो भाड्याने आणत. एका रात्रीचे भाडे वसूल व्हावे म्हणून तीन-तीन सिनेमे सलग पाहिले जात. पुढे पुरुष आणि मुले, आतल्या खोलीच्या दारात बायका. चित्र फाटू लागले की कुणीतरी जाणकार झाकण उघडून हेड पुसायचा. ज्या घरांत थिएटरात जाणे चांगले मानले जात नव्हते, त्या घरांतही सिनेमा या वाटेने शिरला. मशिदीत त्यावर बयान होई, लोक मान डोलावत आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅसेट आणत. चोरून केलेल्या कॅसेटींचा धंदा देशभर इतका वाढला की १९८४ मध्ये सरकारला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवावी लागली. नंतर केबल आली, व्हीसीडी आली. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी विकायला सुरुवात केली. आता तर मोबाइलच पुरतो.

हे सांगण्याचे कारण आहे. थिएटरच्या अंधारात माणूस गर्दीबरोबर हसतो आणि बाहेर पडतो. घरात तोच सिनेमा पुन्हा पुन्हा लागतो आणि शेजारी मुले बसलेली असतात. पडद्यावर आपल्या नावाचा माणूस आला की ती त्याच्याकडे बघतात आणि मग आपल्याकडे बघतात. आमच्या समाजातल्या दोन-तीन पिढ्यांना ‘पोलिसातला मुसलमान’ प्रथम भेटला तो चौकीत नाही, पडद्यावर. म्हणून तो कसा दाखवला गेला, हा करमणुकीपुरता प्रश्न राहत नाही.

जोडीचा साचा

दोन भिन्न स्वभावांचे, भिन्न समाजांचे पोलीस एकत्र येतात, आधी भांडतात आणि शेवटी एकमेकांसाठी जीव धोक्यात घालतात. हा साचा हॉलिवूडचा. १९६७ च्या ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये सिडनी पॉयटिए या कृष्णवर्णीय अभिनेत्याने व्हर्जिल टिब्स नावाचा शहरी गुप्तहेर अधिकारी उभा केला. दक्षिणेतल्या एका गावात गोऱ्या पोलीसप्रमुखाला त्याच्याबरोबर काम करणे भाग पडते. त्या जोडीत अधिक हुशार टिब्स आहे आणि ते सिनेमा लपवत नाही. अमेरिकेत नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर होती तो हा काळ. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्करही मिळाले.

पुढे १९८२ चा ‘४८ अवर्स’, १९८७ चा ‘लेथल वेपन’, १९९५ चा ‘बॅड बॉइज’, १९९८ चा ‘रश अवर’ असे करत या साच्याचा कारखाना झाला. यश मिळाले की दुसरा भाग, मग तिसरा. दुसऱ्या भागाची अडचण अशी असते की प्रेक्षकाला पात्रे होती तशीच हवी असतात. पहिल्या भागात ज्याला हसलो, त्याला दुसऱ्यातही हसायचे असते. त्यामुळे पहिल्या भागात कुणाला कोणती जागा मिळाली, हे फार महत्त्वाचे ठरते. ती जागा पुढे बदलत नाही.

आपल्याकडे या साच्याला एक देशी पूर्वज होता. १९७३ चा ‘जंजीर’. इन्स्पेक्टर विजय खन्ना आणि पठाण शेरखान. शेरखान जुगाराचे अड्डे चालवणारा. विजयच्या सचोटीने भारावून तो धंदा सोडतो, गाड्या दुरुस्त करू लागतो आणि दोस्तीसाठी जीव द्यायला तयार होतो. प्राणने ही भूमिका अशी केली की लोक अमिताभइतकेच त्याच्यासाठी सिनेमा बघत. पण जागा पाहा. वर्दी विजयच्या अंगावर आहे. शेरखान गुन्हेगारीतून आलेला, सुधारलेला आणि इमानदार.

१९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये तीन भावांची वाटणी याहून स्पष्ट आहे. एकाच आईची तीन मुले तीन धर्मांत वाढतात. हिंदू घरात वाढलेला अमर इन्स्पेक्टर होतो, ख्रिस्ती अँथनी दारूचा अड्डा चालवतो आणि मुसलमान शिंप्याने वाढवलेला अकबर कव्वाल होतो. सिनेमा प्रेमळ आहे, मलाही आवडतो. मनमोहन देसाईंच्या मनात कुणाचा अपमान करणे नव्हते. तरीही राज्याची वर्दी कुणाला शोभते आणि गाणे कुणाला, हे न बोलता ठरून गेलेले आहे.

गंमत अशी की ‘जंजीर’ लिहिणाऱ्या सलीम-जावेद जोडीतले सलीम खान हे स्वतः एका पोलीस अधिकाऱ्याचे चिरंजीव. त्यांचे वडील इंदूरला पोलीस उपमहानिरीक्षक पदापर्यंत पोहोचले होते. ज्याच्या घरात वर्दी टांगलेली होती, त्या मुसलमान लेखकाने हिंदी सिनेमाचा सर्वांत गाजलेला इन्स्पेक्टर लिहिला आणि त्याचे नाव विजय खन्ना ठेवले. यात दोष काढण्याचे कारण नाही. बाजारात काय चालते ते लेखकाला माहीत असते. पण घरातला अनुभव आणि पडद्यावरचे नाव यांत एवढे अंतर पडले, याची इतिहासाने नोंद घ्यायला हवी.

१९९८ आणि १९९९

आता दोन सिनेमे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

१६ ऑक्टोबर १९९८ ला डेव्हिड धवन यांचा ‘बडे मियां छोटे मियां’ आला. हॉलिवूडच्या ‘बॅड बॉइज’वरून घेतलेला, दोन पोलिसांचा विनोदी मारधाडपट. अमिताभ आणि गोविंदा दोघेही दुहेरी भूमिकेत. पोलिसांची नावे अर्जुन सिंग आणि प्यारे मोहन. त्यांच्यासारखेच दिसणारे दोन चोर आहेत, त्यांना म्हणतात बडे मियां आणि छोटे मियां. आम्ही तेव्हा हा सिनेमा पोट धरून हसत पाहिला. चोरांनाच ‘मियां’ का म्हटले, असे कुणाच्या मनातही आले नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल महाराष्ट्र विधिमंडळात मांडला गेला होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलीत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. आयोगाने पोलिसांच्या वागण्यात मुसलमानांविषयीचा पूर्वग्रह असल्याचे नोंदवले आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला. मुंबईतल्या मुसलमान वस्त्यांमधून त्या दिवसांत कितीतरी कुटुंबे गावाकडे, कोकणात आली. खाकी रंग पाहिला की घाबरणारी मुले आमच्या शाळांमध्ये बसली. म्हणजे ज्या काळात पोलीस आणि मुसलमान यांच्यात सर्वांत मोठी दरी होती, त्याच काळात हिंदी सिनेमा पोलिसांच्या जोडीचा विनोद करत होता आणि त्या जोडीत मुसलमान नव्हताच.

दुसरा सिनेमा ३० एप्रिल १९९९ चा, जॉन मॅथ्यू मथन यांचा ‘सरफरोश’. यात मात्र जोडी आहे. एसीपी अजय राठोड आणि इन्स्पेक्टर सलीम. सलीम अनुभवी आहे, त्याचे खबरी पक्के आहेत. पण एक गुन्हेगार हातून निसटतो आणि त्याच्या निष्ठेवरच शंका घेतली जाते. त्याला तपासातून बाजूला केले जाते. तो दुखावतो, चिडतो, राठोडला सुनावतो आणि तरी मदतीला येतो. मुसलमान पोलिसाच्या मनातली सल हिंदी सिनेमात इतक्या उघडपणे पहिल्यांदाच बोलली गेली असावी. आमच्या मोहल्ल्यांत तो प्रसंग लोकांना पाठ होता. सिनेमा लागला आणि काही दिवसांतच कारगिलचे युद्ध सुरू झाले, त्यामुळे त्याला वेगळाच रंग चढला.

तरी आज पाहताना एक गोष्ट खटकते. सलीमची संपूर्ण कथा ‘मी निष्ठावान आहे’ हे सिद्ध करण्याची कथा आहे. राठोडला तो प्रश्न कुणी विचारत नाही. राठोडचा राग व्यक्तिगत आहे, त्याच्या कुटुंबावर हल्ला झालेला आहे आणि तेवढे कारण पुरेसे मानले जाते. सलीमला मात्र आधी परीक्षा द्यावी लागते, मग काम. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हिंदी सिनेमात जे ‘चांगले मुसलमान’ अधिकारी आले, २०२१ च्या ‘सूर्यवंशी’पर्यंत, त्यांतले बरेचसे याच परीक्षेला बसलेले दिसतात.

अली

या पार्श्वभूमीवर धूमचा अली पाहायला हवा. २००४ च्या पहिल्या भागात तो मुंबईतला मोटारसायकल मेकॅनिक आहे, शर्यती लावणारा. जय दीक्षित त्याला धरतो आणि आपल्या कामाला लावतो. दुसऱ्या भागात तो जयचा सहकारी म्हणून वावरतो आणि चोराच्या मागावर रिओ दी जानिरोपर्यंत जातो. २०१३ च्या तिसऱ्या भागात शिकागोला जातो. तीन भाग, नऊ वर्षे. दर वेळी चोर बदलतो: जॉन अब्राहम, हृतिक रोशन, आमिर खान. पोलीस तेच राहतात आणि अलीचा विनोदही तोच राहतो. सुंदर मुलगी दिसली की तो मनातल्या मनात तिच्याशी संसार थाटतो. जय लग्न झालेला, घर असलेला, विचार करणारा. अली बाईक चालवतो, फटके मारतो, चुकतो, बोलणी खातो.

शेरखानशी ताडून पाहिले की वंशावळ लक्षात येते. गॅरेजमधला, कायद्याच्या काठावरचा, मनाने साफ, दोस्तीला जागणारा. पण शेरखानचा दरारा होता. त्याच्या एंट्रीला विजयलाही सावध व्हावे लागले होते. अलीपर्यंत येता येता दरारा गेला आणि हसू उरले.

अलीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. त्याला कुणी निष्ठा विचारत नाही. तो दहशतवादी नाही, दहशतवाद्याचा भाऊ नाही, देशभक्तीचे भाषणही देत नाही. तो नुसता आहे, भंकस करत. ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या जगात, जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांनंतर अवघ्या चार महिन्यांनी आलेल्या सिनेमात, अली नावाचा पोलीस निव्वळ करमणुकीसाठी पडद्यावर असणे ही तशी लहान गोष्ट नव्हती. त्या वर्षी सर्वांत जास्त कमाई करणारा हिंदी सिनेमा ‘धूम २’ ठरला. लाखो घरांत मुलांनी अलीवर प्रेम केले, त्यात आमचे घरही आले.

मग मुलीच्या प्रश्नाचे काय? तिला अली आवडतो, हे खरेच. तिला खटकले ते इतकेच की या माणसाचे काम कुणी गांभीर्याने घेत नाही. एक परीक्षा देत राहणारा सलीम आणि एक हसवत राहणारा अली, यांच्यामध्ये तिसरी जागा नाही का? साधा, आपले काम जाणणारा, बरावाईट अधिकारी?

हैदर अली

ती जागा होती. ‘धूम २’च्या तेवीस वर्षे आधी. आणि ती मराठी लेखणीतून आली होती.

१९८३ चा गोविंद निहलानी यांचा ‘अर्धसत्य’ एस. डी. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर म्हणजे ओम पुरी आणि रामा शेट्टी म्हणजे सदाशिव अमरापूरकर, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. लक्षात राहत नाही तो वेलणकरचा वरिष्ठ, इन्स्पेक्टर हैदर अली. ती भूमिका शफी इनामदार यांनी केली होती. दापोली तालुक्यातल्या पांगारीचा हा माणूस, म्हणजे आमच्या कोकणातलाच. पुढे ‘ये जो है जिंदगी’ या दूरदर्शन मालिकेमुळे तो घराघरांत पोहोचला आणि १९९६ मध्ये, पन्नाशीतच, गेला.

हैदर अली काय करतो? रामा शेट्टीला अटक करायला निघालेल्या वेलणकरला तो व्यवस्था कशी चालते ते समजावतो. वेलणकर निलंबनाच्या फेऱ्यात सापडतो तेव्हा दिल्लीत ओळखी असलेल्या मध्यस्थाला गाठून तो त्याला वाचवतो. तो आदर्श नाही. तडजोडी करतो, त्या तडजोडींची लाज बाळगत नाही आणि त्यांचे समर्थनही फार करत नाही. नोकरी करायची तर असे जगावे लागते, हे त्याला कळलेले आहे. वेलणकरवर त्याची माया आहे, पण ती भाषणातून नाही, मदतीतून दिसते.

सबंध सिनेमात हैदर अलीला त्याच्या धर्मावरून कुणी काही विचारत नाही. तो कुणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. त्याच्या तोंडी शेर नाहीत, गळ्यात ताईत नाही. तो वरिष्ठ आहे आणि हिंदू सब-इन्स्पेक्टर त्याच्याकडे सल्ल्यासाठी येतो. तेंडुलकर-निहलानींनी हे काही सामाजिक विधान म्हणून ठळक केलेले नाही. मुंबईच्या पोलीस ठाण्यात असा एखादा हैदर अली असतो, तसा तो आहे. मुसलमान माणसाला चांगला किंवा वाईट न ठरवता नुसता माणूस म्हणून दाखवणे याला मी मोठी गोष्ट समजतो. मराठी कथेने आणि मराठी नाटककाराने ती ऐंशीच्या दशकात सहज केली, याचा मराठी मुसलमान म्हणून मला अभिमान वाटतो.

अमेरिकेत टिब्स आधी आला आणि विनोदी जोड्या नंतर. आपल्याकडेही हैदर अली आधी आला आणि अली नंतर. काळ पुढे गेला म्हणजे पडद्यावरची प्रतिमाही पुढे जाते, असे समजण्याचे कारण नाही.

खरी जोडी

पडद्याबाहेर अशा जोड्या होत्या का? होत्या. सर्वांत गाजलेली मुंबईचीच. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्याला आंबेडकर महाविद्यालयाजवळ मन्या सुर्वे हा कुख्यात गुन्हेगार पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. मन्या कीर्ती महाविद्यालयात शिकलेला. त्या पथकातल्या राजा तांबट आणि इसाक बागवान या दोन तरुण अधिकाऱ्यांची नावे या घटनेशी कायमची जोडली गेली. एक तांबट, एक बागवान. आडनावेच सांगतात की दोन्ही घराणी महाराष्ट्राच्या बाजारपेठेतली, एक तांब्याची भांडी घडवणारी, दुसरी फळभाज्या विकणारी. मुंबईतली पहिली मोठी ‘चकमक’ म्हणून या घटनेचा उल्लेख होतो. बागवान पुढे सहायक पोलीस आयुक्त झाले आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात नरिमन हाऊसच्या मोर्चावर होते. शौर्यासाठीचे राष्ट्रपती पदक त्यांना एकापेक्षा अधिक वेळा मिळाले. त्या हल्ल्याच्या वेळी मुंबईचे पोलीस आयुक्त होते हसन गफूर. पुढे २०१५ मध्ये अहमद जावेद त्याच पदावर आले.

वडाळ्याच्या घटनेवर २०१३ मध्ये ‘शूटआउट अॅट वडाला’ निघाला. ‘शूटआउट अॅट लोखंडवाला’च्या यशानंतर त्याच मालिकेतला दुसरा सिनेमा म्हणून तो आणला गेला. त्यात अनिल कपूरने नाव बदललेला बागवान केला. मुसलमान अधिकारी जोडीत पुढे, तेही खऱ्या घटनेवरून. हा सिनेमाही आमच्याकडे घरी पाहिला गेला आणि कौतुकाने पाहिला गेला.

पण इथे थांबून स्वतःला एक प्रश्न विचारावा लागतो. आपल्या नावाचा अधिकारी पिस्तूल चालवतो, याचा अभिमान कितपत बाळगायचा? न्यायालयाच्या आधी गोळीने निकाल लावण्याची जी सवय ऐंशीच्या दशकात कौतुकाने रुजली, ती पुढे कुणाकुणावर उलटली? डिसेंबर २००२ च्या घाटकोपर स्फोटानंतर परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा अभियंता पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या ताब्यातून पळून गेला, असे सांगण्यात आले. सीआयडीच्या चौकशीत तो पळालाच नव्हता, कोठडीतच मेला होता, असे निष्पन्न झाले. त्याची आई वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिली. ज्या खात्यात बागवान पदक मिळवतात, त्याच खात्यात हेही घडते.

म्हणून पोलिसात मुसलमान वाढले की सारे आपोआप ठीक होईल, असे मी म्हणणार नाही. हैदर अलीसारखा अधिकारीही त्या यंत्रणेत तडजोडच करतो. पण ज्या चौकीत आपल्या वस्तीची भाषा, सण आणि भीती ओळखणारा एक माणूस बसलेला असतो, तिथे तक्रार द्यायला जाणाऱ्या बाईचे पाऊल कमी अडखळते, एवढे मी कोकणात पाहिले आहे.

भरतीची परीक्षा

हा आकडा वाढत का नाही, याची उत्तरे अनेक आहेत. भेदभाव हे त्यातले एक आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दंगलींच्या आठवणी हे दुसरे. ‘पोलिसात जाऊन काय करणार, आखातात जा’ हा घरचा सल्ला हे तिसरे. कोकणात तर ते फार जोरदार आहे. चौथ्याबद्दल मात्र उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणारा शिक्षक म्हणून मला बोललेच पाहिजे.

महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची असते आणि ती मराठीत असते. अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण. मैदानी चाचणीत आमची मुले मागे नाहीत. मुले १६०० मीटर धावतात, मुली ८०० मीटर, गोळा फेकतात. खाडीवर आणि डोंगरावर वाढलेली ही पोरे दमत नाहीत. अडतात ती समास, प्रयोग आणि अलंकारांपाशी. घरात कोकणी बोलणारे मूल, म्हणजे जी बोली मराठीची सख्खी बहीण आहे ती बोलणारे मूल, दहा वर्षे उर्दू माध्यमात शिकते आणि मराठीला ‘पास होण्यापुरता विषय’ समजते. अशा समजुतीत शाळेचा, पालकांचा आणि समाजाच्या पुढाऱ्यांचा सगळ्यांचा वाटा आहे. उर्दू आपली आहे, ती टिकलीच पाहिजे. पण मराठीही आपलीच आहे आणि तिच्यावरचा हक्क सोडून दिला की चौकीतल्या खुर्चीवरचा हक्कही त्याच्याबरोबर जातो. अल्पसंख्याक उमेदवारांसाठी शासनाची भरतीपूर्व प्रशिक्षणाची योजना आहे. तिचा फायदा घ्यायचा तरी भाषा आधी लागते.

आठवी-नववीच्या वर्गात मी हल्ली एक प्रयोग करतो. ‘मोठेपणी कोण होणार?’ हा निबंध मराठीत लिहायला देतो. डॉक्टर असतात, इंजिनिअर असतात, दुबईला जाणारे असतात, क्रिकेटपटू असतातच. पोलीस लिहिणारी मुले पूर्वी वर्षाला एखादी असत. गेल्या वर्षी चार निघाली, त्यांतल्या तीन मुली होत्या. एकीने लिहिले होते की तिला पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेणारी बाई व्हायचे आहे, कारण तिची नानी तक्रार न देताच परत आली होती. त्या निबंधात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मी त्या सगळ्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि तिला तो पुन्हा लिहून आणायला सांगितले. भरतीला अजून पाच-सहा वर्षे आहेत, तेवढा वेळ मराठी पक्की करायला पुरतो.